'फ्यू', 'लेस' आणि दीड पोळी: इंग्रजीत मोजताना आपण कुठे अडखळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठी माध्यमात शिकले, आता हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यांनी टीमला पाठवलेली ईमेल मीटिंगमध्ये पडद्यावर लावून सगळ्यांदेखत दुरुस्त केली गेली. ईमेल अशी: 'वुई हॅव लेस टेस्टर्स धिस वीक. मच बग्स आर ओपन. वन ऑफ द मॉड्यूल इज पेंडिंग. फ्यू इश्यूज आर रिमेनिंग, सो वुई नीड टू मोअर डेज. प्लीज गिव्ह युअर फीडबॅक्स.' त्यांचं म्हणणं, "मोजता येणाऱ्या नामाला मेनी, न येणाऱ्याला मच, हा नियम मला झोपेतही म्हणता येतो. लिहिताना मात्र चुकतंच. कुणी मराठीतून नीट समजावेल का?"

आधी एक सांगते. माणसाची ईमेल भिंतीएवढी मोठी करून तिच्यावर बोट ठेवणं याला शिकवणं म्हणत नाहीत, पाणउतारा म्हणतात. पण वाक्यं चुकली आहेत हेही खरं. मी नारायण पेठेत सव्वीस वर्षं संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते आहे. नववीतल्या पोरांपासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत सगळ्यांच्या वह्या तपासून झाल्या. तुमच्या ईमेलमधल्या पाचही चुका मी दर आठवड्याला बघते, आणि पाचही थेट मराठीतून आलेल्या आहेत. म्हणून त्यांतल्या बहुतेक दुरुस्तही मराठीतूनच होतात, पाठांतरातून होत नाहीत.

मंडईत उभे आहात असं धरा. "मावशी, लिंबं द्या." "किती देऊ?" "चार." पुढच्या गाळ्यावर गुळाची ढेप दिसते. "किती देऊ?" "पावशेर." दोन्हीकडे प्रश्न एकच, 'किती'. इंग्रजी बोलणाऱ्या मावशींना मात्र तोंड उघडायच्या आत ठरवावं लागेल, की लिंबांसाठी 'हाउ मेनी' आणि गुळासाठी 'हाउ मच'. आपल्याला ते ठरवायची सवयच नाही. खूप, जास्त, कमी, भरपूर, पुष्कळ, काही, थोडं हे सगळे शब्द आपण लिंबांनाही लावतो आणि गुळालाही. मोजण्यातला फरक मराठी लपवून ठेवते तो शेपटीत: 'थोडी मुलं' आणि 'थोडं पाणी'. 'कमी'ला तर शेपूटही नाही. कमी लोक, कमी पाणी. मग डोक्यातल्या शब्दकोशात 'कमी'समोर 'लेस' लिहिलं गेलं की ते कायमचं तिथेच बसतं.

यावर माझ्या वर्गात एक साधा उपाय चालतो. 'कमी' शब्द आला की त्याच्या आधी 'दोन' लावून बघायचं. 'या आठवड्यात दोन टेस्टर कमी आहेत.' जमलं, म्हणजे 'फ्यूअर टेस्टर्स'. 'आज दोन पाणी कमी आलं.' नाही जमलं, म्हणजे 'लेस वॉटर'. 'दोन चुका कमी', 'दोन गाड्या कमी', 'दोन फोन कमी' हे सगळे 'फ्यूअर'. 'दोन ट्रॅफिक कमी' असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'लेस ट्रॅफिक'. वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि कान काय सांगतो ते ऐकायचं. नाम मोजता येतं की नाही यावर तर्क करत बसलात की हमखास चुकाल.

आता 'लेस टेस्टर्स'बद्दल जरा तुमच्या बाजूने. ही चूक खुद्द इंग्रज रोज करतात, आणि त्यांच्यासाठी ती फार काळ चूक नव्हतीच. आल्फ्रेड राजाच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून, 'लेस' मोजता येणाऱ्या नामांनाही लावला जात होता. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकाने लिहिलं की संख्या सांगताना 'फ्यूअर' आपल्याला अधिक डौलदार आणि अधिक काटेकोर वाटतो. त्याने आपली आवड सांगितली होती. पुढे व्याकरणवाल्या मास्तरांनी तिचा कायदा करून टाकला. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत झटपट काउंटरवर 'टेन आयटेम्स ऑर लेस' अशी पाटी असायची, त्यावरून तिकडे वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी 2008 साली टेस्को या साखळीने पाटी बदलून 'अप टू टेन आयटेम्स' केली आणि दोन्ही शब्दांपासून सुटका करून घेतली. पाटीचं राजकारण फक्त पुण्यातच चालतं असं समजू नका.

तेव्हा बोलण्यात 'लेस' निघून गेला तर आभाळ कोसळत नाही. ऑफिसच्या लेखी कामात मात्र 'फ्यूअर'च लिहा, कारण वाचणाऱ्यात एक तरी मास्तर असतोच. आणि उलट अतिरेकही नको. अंतर, वेळ, पैसे, वजन यांच्याआधी आकडा असला तरी तिथे 'लेस'च योग्य: 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन टू अवर्स', 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज'. पाच किलोमीटर म्हणजे पाच सुटे तुकडे नव्हेत, ते एक अंतर आहे. पाचशे रुपये ही एक रक्कम आहे. माझ्याकडचा एक हुशार मुलगा नियम कळल्याच्या आनंदात 'फ्यूअर दॅन टेन मिनिट्स' लिहायला लागला होता. व्याकरणाची नवी धार आली की माणूस दिसेल ते कापत सुटतो.

'जास्त'च्या बाजूला हा घोळ नाही. 'मोअर' दोन्हीकडे चालतो, 'मोअर बग्स' आणि 'मोअर वॉटर', अगदी आपल्या 'जास्त'सारखा.

'मच बग्स'मध्ये चूक कुठे आहे हे तुम्हालाही दिसतच असेल. दोन बग, तीन बग मोजता येतात, म्हणून 'मेनी बग्स'. पण इथे एक गोष्ट आहे जी शाळेत कुणी सांगत नाही. साध्या होकारार्थी वाक्यात 'मच' हा शब्द बरोबर ठिकाणी असला तरी अवघडलेला वाटतो. 'आय हॅव मच वर्क' नियमाने बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. 'मच'ची खरी जागा प्रश्नात आणि नकारात: 'हाउ मच टाइम', 'नॉट मच वर्क'. किंवा 'टू' आणि 'सो'च्या मागे: 'टू मच नॉइज'. होकारात 'अ लॉट ऑफ' वापरा. त्याचा मोठा गुण म्हणजे तो लिंबालाही चालतो आणि गुळालाही: 'अ लॉट ऑफ बग्स', 'अ लॉट ऑफ वर्क'. 'सम', 'इनफ', 'प्लेंटी ऑफ' हेही तसेच दोन्ही घरचे पाहुणे. मीटिंगमध्ये बोलताना जीभ अडखळली तर यांच्यापैकी एकाचा आधार घ्या, कुणाला पत्ताही लागणार नाही.

मेनी आणि मचचा फरक एका ठिकाणी मराठीतही अगदी स्वच्छ दिसतो, आणि मी नेहमी तिथूनच सुरुवात करते: वेळ आणि वेळा. 'किती वेळ लागला?' म्हणजे 'हाउ मच टाइम'. 'किती वेळा गेलास?' म्हणजे 'हाउ मेनी टाइम्स'. एका काना-मात्रेचा फरक आहे आणि आपण तो कधीच चुकवत नाही. तिसरीतलं पोरही 'किती वेळा सांगू तुला' याऐवजी 'किती वेळ सांगू' म्हणत नाही. म्हणजे ही जाण आपल्यात आहेच. फक्त ती प्रत्येक शब्दात दिसत नाही, त्यामुळे इंग्रजीकडे जाताना आपण ती घरी विसरून जातो.

आता 'फ्यू'. तुमच्या ईमेलमधली खरी घातक चूक ही आहे, आणि पडद्यावर लावणाऱ्याच्या ती लक्षात आली की नाही याची मला शंकाच आहे. कारण 'फ्यू इश्यूज आर रिमेनिंग' या वाक्यात व्याकरणाची चूकच नाही. अर्थ मात्र उलटा झाला आहे. तुम्हाला म्हणायचं होतं, काही अडचणी अजून बाकी आहेत म्हणून दोन दिवस हवेत. तुम्ही लिहिलंत, अडचणी जवळपास संपल्याच आहेत म्हणून दोन दिवस हवेत. वाचणारा साहेब कोड्यात पडणार.

हे मी स्वतः भोगलं आहे. शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाने काढलेल्या इंग्रजीच्या सरावपुस्तकात मला बऱ्याच चुका सापडल्या. मी बाणेदारपणे इंग्रजीत पोस्टकार्ड टाकलं: 'आय फाउंड फ्यू मिस्टेक्स इन युअर बुक.' आठवड्याभराने उत्तर आलं, मराठीत. 'आपल्यासारख्या जाणकार शिक्षिकेने पुस्तकाच्या अचूकतेची दखल घेतली याबद्दल ऋणी आहोत. सोबत दुसरा भाग सप्रेम भेट.' दुसऱ्या भागात पहिल्याहून जास्त चुका होत्या. मी चिडून कार्डाची नक्कल वहीतून काढली, पुन्हा वाचली, आणि मग कान गरम झाले. मला लिहायचं होतं 'अ फ्यू', म्हणजे काही; लिहिलं नुसतं 'फ्यू', म्हणजे जवळपास नाहीतच. गळालेल्या एका 'अ'ने माझ्या तक्रारीचं प्रशस्तिपत्र केलं होतं.

तो 'अ' मराठीत कसा पकडायचा? आपल्याकडे 'च' आहे आणि 'फार' आहे. 'थोडेच लोक आले' म्हणजे 'फ्यू पीपल केम'. बोलणारा नाराज आहे, खुर्च्या रिकाम्या राहिल्या. 'थोडेफार लोक आले' म्हणजे 'अ फ्यू पीपल केम'. बोलणारा बरा आहे, कार्यक्रम पार पडला. दोन्हीकडे माणसं वीसच असू शकतात. फरक आकड्यात नाही, बोलणाऱ्याच्या सुरात आहे. तो सूर मराठीत 'च' वाहतो, इंग्रजीत 'अ'चं असणं-नसणं वाहतं. 'लिटल' आणि 'अ लिटल'चंही तेच, फक्त न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. 'थोडंच दूध उरलंय' म्हणजे 'लिटल मिल्क', पाहुणे आले तर पंचाईत. 'थोडंफार दूध आहे' म्हणजे 'अ लिटल मिल्क', चहा होईल.

दोन जोडप्रयोग मात्र या हिशेबाला दाद देत नाहीत, ते तसेच लक्षात ठेवावे लागतील. 'ओन्ली अ फ्यू'मध्ये 'अ' असूनही अर्थ 'थोडेच' असा होतो, कारण 'ओन्ली' आपल्या 'च'चं काम करतो. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच. 'क्वाइट अ फ्यू कम्प्लेंट्स' असं ग्राहकाने लिहिलं तर 'थोड्याशाच आहेत, बघू सावकाश' म्हणून टेबलावरून उठू नका.

'वन ऑफ द मॉड्यूल' ही चूक मला इतकी परिचित आहे की तिच्यासाठी लाल पेन आपोआप उचललं जातं. 'वन ऑफ माय फ्रेंड', 'वन ऑफ द टीचर', 'वन ऑफ द बेस्ट हॉटेल इन पुणे'. हिचं मूळ दुहेरी आहे. एक तर आपण म्हणतो 'माझा एक मित्र'. एक मित्र, म्हणजे एकवचन, म्हणून 'फ्रेंड'. दुसरं, आणि हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं, आकारान्त सोडली तर आपली पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलतच नाहीत. मुलगा-मुलगे, आंबा-आंबे बदलतात. पण एक मित्र, दहा मित्र. एक दिवस, दहा दिवस. एक प्रश्न, दहा प्रश्न. शिक्षक, तास, विद्यार्थी, लाडू, सगळे जसेच्या तसे. ऑफिसात आणि शाळेत रोज लागणारे नेमके हेच शब्द. त्यामुळे आकड्यापुढे नाम न बदलता ठेवायची आपल्याला सवय लागते आणि इंग्रजीतला 'स' गळून पडतो: 'फाइव्ह टीचर', 'टेन क्वेश्चन'. 'पाच टीचर आले' हे मराठीत शंभर टक्के बरोबर आहे, तिथेच गाडं फसतं.

उपाय पुन्हा मराठीतच. 'वन ऑफ' लिहायच्या आधी वाक्य 'पैकी' घालून म्हणा. 'माझा एक मित्र' असं नको, 'माझ्या मित्रांपैकी एक' असं म्हणा. 'पैकी'च्या आधी अनुस्वार येतोच, मित्रांपैकी, मॉड्यूलांपैकी. तो अनुस्वार म्हणजेच इंग्रजीतला 'स'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स', 'वन ऑफ द मॉड्यूल्स'. क्रियापद मात्र 'एक'चं, म्हणून 'इज पेंडिंग' तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं. हाच 'पैकी' आणखी एका ठिकाणी कामाला येतो. 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' ही दुसरी पेटंट चूक. 'बहुतेक विद्यार्थी' म्हणायचं असेल तर नुसतं 'मोस्ट स्टुडंट्स'. 'या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक' म्हणायचं असेल तर 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स' किंवा 'मोस्ट ऑफ दीज स्टुडंट्स'. पैकी असेल तरच 'ऑफ', आणि 'ऑफ' आला की मागोमाग 'द', 'माय', 'दीज' असं काहीतरी यायलाच हवं.

अनेकवचनाचाच विषय निघाला आहे तर माझी आवडती गंमत सांगते. मराठीत अनेकवचन दोनपासून सुरू होतं. दीड एकवचनात. 'दीड पोळी खाल्ली', 'अडीच पोळ्या खाल्ल्या'. 'दीड वर्ष झालं', 'अडीच वर्षं झाली'. इंग्रजीत एकाच्या पुढे केसभर जरी सरकलं तरी नाम अनेकवचनी: 'वन अँड अ हाफ चपातीज', 'वन अँड अ हाफ इयर्स', 'वन पॉइंट फाइव्ह किलोमीटर्स'. मराठी माणूस 'वन अँड अ हाफ इयर' लिहितो तेव्हा त्याने 'स' विसरलेला नसतो, त्याचं दीड बरोबर आलेलं असतं. आणि शून्यालाही इंग्रजी अनेकवचन देते: 'झीरो एरर्स'. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आकडा लवकर यावा.

'ईच' आणि 'एव्हरी'वर फार वेळ घालवायला नको, कारण तिथे मराठी आपल्या बाजूने आहे. 'प्रत्येक मुलगा आला', 'एव्हरी बॉय केम'. दोन्हीकडे एकवचन. फक्त 'दर दहा मिनिटांनी'साठी 'एव्हरी टेन मिनिट्स' हे अनेकवचनात जातं, जसं आपलंही जातं. शाळेच्या परीक्षांत 'मेनी अ स्टुडंट हॅज' असला प्रकार अजून विचारतात, तो परीक्षेपुरता लिहा आणि विसरून जा.

'नंबर' आणि 'अमाउंट'ची भानगड तुमच्या ईमेलमध्ये नव्हती, पण पुढच्या ईमेलमध्ये येईल. 'अमाउंट ऑफ पीपल' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. 'अमाउंट' म्हणजे ढीग किंवा साठा: 'अमाउंट ऑफ डेटा', 'अमाउंट ऑफ मनी'. माणसांचा ढीग होत नाही, त्यांची संख्या असते, म्हणून 'नंबर ऑफ पीपल'. आणि 'नंबर'समोर 'अ' आहे की 'द' आहे यावर क्रियापद फिरतं. 'अ नंबर ऑफ युजर्स आर' म्हणजे बरेच युजर्स, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ युजर्स इज' म्हणजे युजर्सची संख्या, आणि संख्या एकच असते, म्हणून 'इज'. मराठीत 'बरेच जण आले' आणि 'येणाऱ्यांची संख्या वाढली' यांत आपण कधी गोंधळतो का?

इथपर्यंत मराठीने साथ दिली. 'फीडबॅक्स'पाशी ती हात सोडते, कारण कोणतं नाम मोजायचं आणि कोणतं नाही हे प्रत्येक भाषा आपल्या मनाने ठरवते आणि त्याला फारसं तर्कशास्त्र नसतं. आपण बातम्या ऐकतो, इंग्रजीत 'न्यूज' एकवचनी आणि अगणनीय. आपण चार सल्ले देतो, त्यांचं 'अॅडव्हाइस' एकच. आपल्याला दोन कामं असतात, आणि म्हणून आपण 'आय हॅव अ वर्क' म्हणतो. हे इंग्रजी कानाला फार खटकतं. तिथे 'सम वर्क' किंवा 'अ फ्यू थिंग्ज टू डू' म्हणायचं. पोहे, तांदूळ, गहू आपल्याकडे अनेकवचनी, 'तांदूळ निवडले', 'पोहे झाले'. इंग्रजीत 'राइस' आणि 'व्हीट' दोन्ही अगणनीय. पण थांबा, तिथेच 'ओट्स' मात्र अनेकवचनी. गव्हात आणि ओटमध्ये असा काय फरक आहे, हे शेतकऱ्याला विचारूनही कळणार नाही. मटारची कथा तर आणखी मजेदार. जुन्या इंग्रजीत 'पीज' हा आपल्या 'डाळ'सारखा एकवचनी शब्द होता. शेवटचा 'ज' अनेकवचनाचाच असणार असं समजून लोकांनी तो तोडला आणि सतराव्या शतकात 'पी' म्हणजे एक दाणा असा नवाच शब्द तयार झाला. चुकीच्या मोजणीतून आलेला तो शब्द आज शुद्ध इंग्रजी आहे.

या विषयावर वर्गात दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. 'मनी' मोजता येत नाही असं मी म्हटलं, की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, पैसे नाही मोजायचे तर काय मोजायचं?" प्रश्न रास्त आहे. मागे लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गल्ल्यावर बसणारा विद्यार्थी होता, तो तर हसतच सुटला. त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, इंग्रजीत मोजून दाखव. 'वन मनी, टू मनी...' तिथे तो थांबला. आपण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. 'मनी' हे सगळ्याचं मिळून एक नाव. मराठीत 'पैसे' अनेकवचनी आहे, कारण पैसा हे एकेकाळी हातात येणारं खरोखरचं नाणं होतं, एक पैसा, दोन पैसे. रुपये सुटे, 'मनी' ढीग. खुर्ची-टेबल सुटे, 'फर्निचर' ढीग. पिशव्या सुट्या, 'लगेज' ढीग. आपलं 'सामान'ही ढीगच आहे, 'दोन सामानं' कुणी म्हणत नाही, मग 'लगेजेस' कुठून येतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. 'इन्फर्मेशन'चंही तसंच, 'माहित्या' आपणही म्हणत नाही. 'इक्विपमेंट', 'स्टेशनरी', 'होमवर्क', 'सॉफ्टवेअर', 'ट्रॅफिक' आणि तुमचा 'फीडबॅक' याच ढिगाऱ्यात. यांना 'स' लावायचा नाही, यांच्याआधी 'मेनी' किंवा 'फ्यू' लावायचं नाही.

मोजायचेच असतील तर ढिगाला भांडं द्यायचं, जसं आपण मंडईत देतो. कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाची पाकळी. तसं 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस', 'टू आयटेम्स ऑफ फर्निचर', 'थ्री स्लाइसेस ऑफ ब्रेड'. ब्रेडचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पाव मोजता येतो, 'दोन पाव द्या', आणि त्या सवयीने 'टू ब्रेड्स' मागितले जातात. उलट चहाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं जमतं. अमृततुल्यात आपण 'दोन चहा' म्हणतो, त्यातला कप गृहीत असतो. इंग्रजीतही हॉटेलात 'टू टीज, प्लीज' बिनदिक्कत चालतं. आणि काही शब्द दोन्ही रूपांत राहतात, अर्थ बदलून. डोक्यावरचे केस 'हेअर', एकवचनी, 'माय हेअर इज ग्रे'. पण आमटीत सापडला तर तो मोजता येणारा एकच, 'अ हेअर'. 'रूम' म्हणजे जागा असेल तर 'मच रूम', खोली असेल तर 'मेनी रूम्स'. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत 'मेनी रूम्स' असायच्या, 'मच रूम' नसायची.

आता तुमची ईमेल. 'लेस टेस्टर्स'चं 'फ्यूअर टेस्टर्स' करता येईल, पण मी असते तर 'वुई आर टू टेस्टर्स शॉर्ट' लिहिलं असतं, म्हणजे साहेबाला नेमकं किती ते कळतं. बाकी अशी: 'वुई आर टू टेस्टर्स शॉर्ट धिस वीक. मेनी बग्स आर स्टिल ओपन. वन ऑफ द मॉड्यूल्स इज पेंडिंग. अ फ्यू इश्यूज रिमेन, सो वुई नीड टू मोअर डेज. प्लीज गिव्ह अस युअर फीडबॅक.' 'अ फ्यू'मधला 'अ' पाठवायच्या आधी एकदा बोट ठेवून तपासा, नाहीतर दोन दिवस मिळायचे नाहीत. आणि 'फीडबॅक' एकवचनीच राहू द्या, साहेबांनी परत दहा मुद्दे पाठवले तरी.